कोकरू नेणारं गिधाड

ताई : पक्कड खाली ठेव आधी.

धाकटा : हे पाय सुटले की ठेवतो.

ताई : हे बाबांचं वर्कशॉप आहे, आणि आता ते मी चालवते. इथे मला विचारल्याशिवाय टाचणीही हलत नाही. चार वर्षांनी घराची पायरी चढलास. बाबा आत झोपलेत. ‘कसे आहात’ म्हणून डोकावलास का? नाही. सरळ टेबलाशी आलास आणि पक्कड घेऊन पक्ष्याच्या पायांना भिडलास.

धाकटा : मी बाबांसाठी आलोच नाही. पक्ष्यासाठी आलोय.

ताई : वा! तोंडावर सांगतोस, तेवढं तरी बरं.

धाकटा : संग्रहालयाच्या संचालक बाईंनी मला बोलावलं. सोमवारी नवं दालन उघडतंय. मधोमध हे गिधाड ठेवणार, आणि त्याच्याखालची माहितीची पाटी मी लिहायची. कड्यावरच्या गिधाडांवर बारा वर्षं नजर ठेवणारा दुसरा माणूस त्यांना कुठे मिळणार?

ताई : आणि मला त्यांनी पिसांचं काम दिलंय. पेंढा भरलेल्या पक्ष्याला कसर लागली की काय होतं, तुला माहीत नसेल. मानेभोवतीची ही पांढरी झालर बघ. एकेक पीस चिमट्याने उचलून साफ केलंय. तीन दिवस मान वर केली नाही मी. पाय बदला, असं मला कोणी सांगितलेलं नाही.

धाकटा : कारण ते कोणी पाहिलेलेच नाहीत. लोक येतात, टकलं डोकं बघतात, वाकडी चोच बघतात, नाक मुरडतात. मग पंजातलं कोकरू बघतात, पोरांना म्हणतात, ‘बघ, कसं उचलून नेतंय,’ आणि पुढे सरकतात. तीस वर्षं हेच चाललंय.

ताई : लोकांना आवडतं ते.

धाकटा : तेच तर दुखणं आहे. ताई, इकडे ये. लांब उभी राहू नकोस, जवळ ये. हा पाय बघ. घोट्यापर्यंत पिसं आहेत. नख बघ, आकड्यासारखं वळलेलं. हा गरुडाचा पाय आहे.

ताई : मला शिकवतोस? तू कड्यावर दुर्बीण लावून ढेकर देत बसतोस, तेवढ्या वेळात माझ्या हाताखालून दोनशे पक्षी गेलेत.

धाकटा : मग तूच सांग, गिधाडाचा पाय कसा असतो?

ताई : आता माझी परीक्षा घेणार?

धाकटा : बोल की. दोनशे पक्षी गेलेत ना हाताखालून?

ताई : उघडा असतो. चपटा. बोथट नखांचा.

धाकटा : कोंबडीसारखा. ते जमिनीवर चालतं, उड्या मारत पुढे जातं, मेलेल्या जनावरावर पाय रोवून उभं राहतं. त्या पायांना पकडच नाही. कोकरू सोड, मांजराचं पिल्लू उचलून त्याला उडता येणार नाही. आणि इथे ते आख्खं कोकरू घेऊन आकाशात निघालंय!

ताई : बरं. चुकलेत पाय. मग? तीस वर्षांत कोणाचं काय बिघडलं? तू पाटीवर लिही की गिधाड शिकार करत नाही. ज्याला वाचायचं तो वाचेल.

धाकटा : लिहिलंय. ही घे, वाच.

ताई : माझा चष्मा आत आहे. तूच वाच. पण हळू. बाबांचे कान अजून शाबूत आहेत.

धाकटा : ‘गिधाड जिवंत जनावर मारत नाही आणि उचलून नेऊही शकत नाही. या पक्ष्याला गरुडाचे पाय जाणूनबुजून लावलेले आहेत. ही मांडणी खोटी आहे.’ आणि खाली बाबांचं नाव.

ताई : नाव कशाला?

धाकटा : करणाऱ्याचं नाव पाटीवर असतंच. इतकी वर्षं होतं, तेव्हा तू कधी विचारलं नाहीस कशाला म्हणून.

ताई : ‘जाणूनबुजून’! शब्दसुद्धा कसा वेचून काढलायस. सोमवारी काय आहे ते माहीत आहे ना तुला? बाबांना खुर्चीतून नेणार आहेत. त्यांना दिसत नाही, म्हणून काच लावायच्या आधी त्यांना पक्ष्याला हात लावू देणार आहेत. सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेणार. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. दाढी कोणत्या दिवशी करायची तेसुद्धा ठरलंय. आणि तिथे कोणीतरी मोठ्याने हे वाचणार, ‘ही मांडणी खोटी आहे.’ त्यांच्या आयुष्याचं हेच एक काम लोकांना माहीत आहे रे!

धाकटा : म्हणूनच.

ताई : गिधाड आहेस तू. बाप आडवा पडायची वाट बघत वर घिरट्या घालत होतास. आता पडलाय म्हटल्यावर उतरलास लचके तोडायला.

धाकटा : गिधाड मेल्यावर येतं. बाबा जिवंत आहेत. शिवी बदल.

ताई : मग त्याच्याहून वाईट आहेस.

धाकटा : ते चालेल. पण त्या पक्ष्याला मध्ये आणू नकोस. तुम्हा लोकांना घाणेरडं म्हणायला तेवढंच सापडतं. मी रोज बघतो त्यांना. सकाळी ऊन आलं की पंख पसरून उभी राहतात, अंग शेकतात. घाई नाही, आरडाओरडा नाही. ऊन तापून हवा वर चढायला लागली की पंख न हलवता वर जातात. जेवण झालं की ओढ्यात उतरून आंघोळ करतात. जेवून हात न धुणारी माणसं मी खूप बघितलीत. तशी गिधाडं कमीच. डोक्यावर पिसं का नाहीत? तर घाणीत तोंड घातलं तरी घाण चिकटू नये म्हणून. आपण त्याच टकलाला नावं ठेवतो.

ताई : झालं भाषण? जेवतानाचा त्यांचा कलकलाट मीही ऐकलाय. बाबांनी लहानपणी नेलं होतं. एकमेकांच्या पाठीवर चढतात, फिस्कारतात, ओढाओढ करतात.

धाकटा : घरातलीच माणसं तशी वागतात, त्यात काय एवढं. आपण आत्ता काय करतोय?

ताई : शहाणाच आहेस.

धाकटा : आणि जेवल्यावर कोणी अंगावर गेलं तर खाल्लेलं ओकून टाकतात. जड पोटाने त्यांना उडता येत नाही.

ताई : शी! पुरे. पाटीवरचं ते ‘जाणूनबुजून’ आणि बाबांचं नाव खोड, पायांना मी हात लावू देणार नाही, आणि तू आल्या वाटेने जा. एवढंच माझं म्हणणं आहे.

धाकटा : यंदा उन्हाळ्यात कड्याखाली काय झालं ते तुला ठाऊक आहे?

ताई : काहीतरी ऐकलं होतं. विषबाधा वगैरे.

धाकटा : वगैरे! कड्याखाली मेंढपाळांची वस्ती आहे. त्यांनी मेलेल्या गाईत पिकावरचं औषध भरलं आणि ती माळावर टाकली. एक गिधाड उतरलं. मैलभरावरचं दुसरं त्याला उतरताना बघतं. दुसऱ्याला तिसरं बघतं. त्यांना निरोप लागत नाही, एकमेकांवर डोळा ठेवूनच ती जेवण शोधतात. म्हणून सगळी एकत्र आली आणि सगळी एकत्र गेली. मी पोचलो तेव्हा काही अजून उभी होती. माना खाली लोंबत होत्या, झिंगल्यासारख्या. मी त्यांच्यामध्ये उभा होतो, आणि मला काही करता येत नव्हतं. एक्केचाळीस, ताई. मी स्वतः उचलली.

ताई : एक्केचाळीस?

धाकटा : एक घरटं तेवढं राहिलं. कपारीत एक पिल्लू होतं. यांना वर्षाला एकच अंडं, आई-बाप आळीपाळीने त्याच्यावर बसतात. दोघंही माळावर मेलेली. पिल्लू अकरा दिवस कपारीच्या तोंडाशी येऊन आभाळाकडे बघत होतं. दोर लावून तिथे उतरता येत नाही, खडक सुटा आहे. मी खालून दुर्बिणीने बघत होतो. बाराव्या दिवशी ते तोंडाशी आलं नाही. मी त्या दिवशी रडलो. मोठा बाप्या असून भर उन्हात बसून रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

ताई : मला वाईट वाटतंय ऐकून. खरंच. पण विष काय बाबांनी घातलं?

धाकटा : मी वस्तीत गेलो. भांडायलाच गेलो होतो. एक बाई पुढे आली, चांगली शिकलेली, तुझ्या वयाची. म्हणाली, ‘ती आमची कोकरं उचलून नेतात.’ मी विचारलं, कोणी पाहिलं? तुम्ही पाहिलंत? म्हणाली, ‘हो. शाळेत असताना पाहिलंय. संग्रहालयात.’

ताई : म्हणजे हेच गिधाड?

धाकटा : हेच. आता बोल. कोणाचं काय बिघडलं?

ताई : एका बाईच्या बोलण्यावरून तू बापाला फासावर देणार?

धाकटा : बाबांनी विष घातलं नाही. पण का घालायचं, ते त्यांनी काचेत मांडून ठेवलं. दर वर्षी गावोगावच्या शाळा येऊन बघून गेल्या.

ताई : त्यांना माहीत नसेल. चुकून झालं असेल. जुना काळ, पुस्तकं नव्हती...

धाकटा : तू हे माझ्या तोंडावर म्हणतेस? अंधारात नुसतं बोट फिरवून पक्षी ओळखणारा माणूस तो! आणि मी होतो ना इथे. तारेला धडकून मेलेलं हे गिधाड पोत्यातून आलं, तेव्हा बाबांनी मला याच टेबलावर बसवलं होतं. माझं बोट धरून त्या नखावर टेकवलं. म्हणाले, ‘बघ, बोथट. कोंबडीसारखं. याला लोक उगाच भितात.’ नऊ वर्षांचा होतो मी. ते बोट मी दिवसभर धुतलं नव्हतं.

ताई : ते आठवतं मला.

धाकटा : मग मला सुट्टीत मावशीकडे धाडलं. परत आलो तर शाळा सुरू. वर्ग संग्रहालयात नेला. काचेसमोर बाबा उभे, मुलांना माहिती सांगतायत. मी पाय बघितले, आणि मला वाटलं, बाबांकडून चुकलं, आपण सांगू या, त्यांना आनंद होईल. मी मोठ्याने म्हणालो, ‘बाबा, हे पाय याचे नाहीत.’ तेव्हा त्यांनी काय केलं, तेही आठवत असेल. तू तिथेच काच पुसत होतीस.

ताई : कानाखाली मारली.

धाकटा : सगळ्या वर्गासमोर. आयुष्यात एकदाच हात उचलला त्या माणसाने, तो खरं बोललो म्हणून. त्या दिवसापासून त्यांच्या एका शब्दावर माझा विश्वास बसलेला नाही. घर सोडलं ते नोकरीसाठी नव्हे. या पायांपायी सोडलं.

ताई : त्यात त्यांची चूक नव्हती.

धाकटा : कशात नव्हती? पाय बदलण्यात? मारण्यात? की तीस वर्षं तोंडाला कुलूप लावण्यात?

ताई : तू जा. पाया पडते तुझ्या. पाटी घे, हवं ते लिही, नुसतं नाव काढ.

धाकटा : एवढी का घाबरतेस? मघापासून बघतोय. पायांचा विषय निघाला की तुझा रंग उडतो. या पायांचं तुला काहीतरी माहीत आहे.

ताई : मला काही माहीत नाही.

धाकटा : पोटात आहे ते ओकून टाक, ताई. नाहीतर मी पक्ष्याचा हा पाय उपटून घेऊन आत जातो आणि त्यांनाच विचारतो.

ताई : आत जायचं नाही! ...थांब. सांगते. पक्कड ठेव, मग सांगते.

धाकटा : ठेवली.

ताई : पाय मी घालवले.

धाकटा : म्हणजे?

ताई : तू मावशीकडे होतास तेव्हा. कातडं काढून झालं होतं, पाय अजून त्याला तसेच होते. पाय लवकर सडतात, म्हणून पक्षी वर टांगायचा आणि नुसते पाय रात्रभर तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. बाबा लाकडाचा भुसा आणायला गेले होते. मला सांगून गेले, ‘तेवढे पाय बुडवून ठेव.’ मला केवढा अभिमान वाटला होता! पहिल्यांदाच मला एकटीला काम दिलं होतं. मी बुडवले. पण तुरटीच्या बरणीत नाही. हाडं साफ करायचं औषध असतं ना, मांस-कातडं सगळं विरघळवणारं, त्या बरणीत.

धाकटा : ताई...

ताई : मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही. सकाळी बघितलं तर तारेला पक्षी लटकतोय आणि खाली नुसती हाडं. बरणीच्या तळाशी नखं. स्वच्छ, पांढरी. तुला वाटतं तू एकटाच लहान होतास? मी तेरा वर्षांची होते. बाबा दारात आले, बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. संग्रहालयाला आठ दिवसांत पक्षी हवा होता, दुसरा मिळणार नव्हता. काम गेलं असतं तर आपण हे वर्कशॉप गमावलं असतं. कोपऱ्यात एक सडका गरुड पडला होता, त्याचे पाय तेवढे धड होते. त्यांनी ते बसवले.

धाकटा : आणि कोकरू? ते कशाला?

ताई : गरुडाचे पंजे जमिनीवर सपाट बसेनात. कसेही उभे केले तरी बोटं मिटायची, पक्षी कलंडायचा. त्या मिटलेल्या पंजांत काहीतरी द्यायलाच हवं होतं. म्हणून जन्मतःच मेलेलं एक कोकरू आणलं. एवढंच आहे सगळं. मी बरणी चुकवली म्हणून त्या गिधाडाने कोकरू उचललं.

धाकटा : आणि मी थप्पड खाल्ली.

ताई : हो.

धाकटा : तू फडकं हातात घेऊन उभी होतीस. बघत होतीस. नंतर घरी येऊन मी कोपऱ्यात रडत होतो, तेव्हा तू मला पाणी आणून दिलंस. पाणी दिलंस, पण एक शब्द बोलली नाहीस.

ताई : बाबांनी शपथ घातली होती.

धाकटा : बाबांची शपथ तेव्हाची. मी तिशीत घर सोडलं तेव्हा? आई गेली आणि मी नुसता दारात उभा राहून परत फिरलो, तेव्हा? तेव्हाही तुला तेरावंच वर्ष होतं का?

ताई : नाही.

धाकटा : तीस वर्षं मला बापाचा राग करू दिलास. तुझ्या वाटणीचा रागही त्यांच्याच माथी मारलास, आणि इथे त्यांची सेवा करून चांगली लेक म्हणून मिरवलीस.

ताई : मिरवले नाही रे. फेडत होते. लग्नाचं विचारायला आले त्यांना मी नाही म्हटलं, ते काय हौस म्हणून? रोज सकाळी हे वर्कशॉप उघडते तेव्हा पहिली नजर त्या बरण्यांच्या फळीकडे जाते. तुला वाटतं एक्केचाळीस ऐकून मला काही झालं नाही? आता मी त्या फळीकडे बघेन तेव्हा तेही दिसणार. ते पिल्लूसुद्धा.

धाकटा : मला तुझी दया येत नाही.

ताई : मागितली कोणी?

(आतल्या खोलीच्या दारात बाबा उभे आहेत, एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात काठी.)

बाबा : आवाज केवढा! गिधाडं बरी. ती निदान जेवण संपलं की गप्प होतात.

ताई : बाबा, तुम्ही कशाला उठलात? पडाल. खुर्ची देते.

बाबा : कान आहेत मला. सगळं ऐकलं. कोण, धाकटा का?

धाकटा : हो.

बाबा : माझ्यासाठी नाही आलास, तेही ऐकलं. बरं. पाय काढलेस?

धाकटा : हिने काढू दिले नाहीत.

बाबा : चांगलं केलं. तू पक्कड फिरवली असतीस तर मांडीचं कातडं फाटलं असतं. आत तार आहे. आधी ओलं फडकं ठेवायचं, कातडं मऊ झालं की घोट्यामागचा टाका उसवायचा. तुला पक्षी कळतात, टाके कळत नाहीत.

धाकटा : तुम्हाला दोन्ही कळत होतं.

बाबा : हो.

धाकटा : मग मला का मारलंत?

बाबा : तू बरोबर होतास म्हणून. काहीतरी खुळचट बोलला असतास तर हसून सोडून दिलं असतं.

धाकटा : एवढंच?

बाबा : मग काय, पाया पडू तुझ्या? वाकलो तर उठता येणार नाही.

धाकटा : पाया नका पडू. तीस वर्षांत एकदा जाऊन खरं सांगायचं होतंत. पहिल्या वर्षी पोरगी लहान होती, काम जाईल ही भीती होती. मानलं. दहाव्या वर्षी काय होतं? विसाव्या?

बाबा : दर वर्षी ठरवायचो. मग शाळा यायच्या. मुलं काचेला नाक लावायची आणि विचारायची, ‘हे कोणी केलं?’ मला फार आवडायचं ते. गरुडाचे पाय लावून का होईना, माझं नाव व्हायला लागलं होतं. ते सोडवलं नाही माझ्याच्याने.

ताई : बाबा, असं नका म्हणू. तुम्ही माझ्यासाठी...

बाबा : पहिले सहा महिने तुझ्यासाठी. पुढचं सगळं माझ्यासाठी. उगाच स्वतःला एवढी मोठी समजू नकोस.

धाकटा : एक्केचाळीस पक्षी मेले, बाबा.

बाबा : ऐकलं म्हटलं ना! ...मला दिसत नाही हे बरं झालं असं मी आजपर्यंत कधी म्हणालो नाही. आज म्हणतो. पण कान राहिलेत. त्यांचे पंख खाली उतरताना कसे वाजतात, ते मला अजून ऐकू येतं. तुला पहिल्यांदा मीच ऐकवलं होतं.

धाकटा : म्हणूनच राग येतो. तुम्हीच ऐकवलं होतंत.

बाबा : येऊ दे. अगं, खालच्या खणात मागे एक पत्र्याचा डबा आहे. बिस्किटांचा. तो काढ.

ताई : त्यात मोडके खिळे आहेत.

बाबा : वर खिळे आहेत. खाली बघ.

ताई : कागदाची पुडी आहे... बाबा! ही तर तीच. हाडं ठेवलीत तुम्ही? मला वाटलं फेकून दिलीत. मी रडत होते, तुम्ही बरणी घेऊन मागे गेलात...

बाबा : फेकायला गेलो होतो. हात उठला नाही. आठही नखं आहेत. मोजून ठेवली होती. धाकट्या, बोट लाव.

धाकटा : ...बोथट.

बाबा : कोंबडीसारखं. नुसत्या हाडांवर कागदाच्या लगद्याची बोटं चढवून पाय करणं तेव्हा मला येत नव्हतं. आता हिला येतं, माझ्याहून चांगलं येतं. सोमवारला चार दिवस आहेत. का ग, होईल?

ताई : होईल. कोकरू काढावं लागेल. खाली एक सपाट दगड लागेल, उभं करायला.

धाकटा : कड्याखालचा आणतो मी. पण ऐकून घ्या. मी हे तुमच्यासाठी करत नाही. दोघांसाठीही नाही.

बाबा : कोणी म्हटलं? दगड आण, आणि पाटी नवीन लिही. आधी काय होतं, ते लिही. पाय का बदलले, कोकरू कुठून आलं, त्याने कड्यावर काय झालं, ते लिही. सोमवारी मी पुढे खुर्चीत बसलेला असेन, तेव्हा तूच मोठ्याने वाच. त्या वस्तीतल्या बाईलाही बोलाव.

ताई : तुमचं नाव घेणार होते हो तिथे सगळे...

बाबा : घेऊ देत की.

धाकटा : खाली नाव कोणाचं लिहू?

ताई : माझं. बरणी मी चुकवली.

धाकटा : लिहिणारच आहे. मला काही जड जाणार नाही ते.

बाबा : थांब. अगं, त्या दोन बरण्या कशा होत्या?

ताई : सारख्याच होत्या. हिरव्या काचेच्या, लाकडी बुचाच्या. शेजारी शेजारी.

बाबा : मग कुठली कशाची, ते तुला कशावरून कळणार होतं?

ताई : कशावरून... नाही हो, आठवत नाही. तुम्ही हाताने दाखवली असेल.

बाबा : दाखवली नव्हती. चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या होत्या. रोज म्हणायचो, उद्या लावतो. लिही रे, नाव माझंच लिही.